परसातले दयाळ आणि चीरक : वर्षभर नोंदी कशा ठेवाव्यात, आणि बाग त्यांच्यासाठी कशी राखावी?

मेहंदीचं_कुंपण (जळगाव)

राम राम मंडळी.

घर शहराच्या कडेला, प्लॉट ४० बाय ६० फुटांचा. मागच्या अंगाला लिंबू, कढीपत्ता, शेवगा आणि केळीचे चार खुंट. मोरीचं पाणी केळीच्या आळ्यात सोडलंय, त्यामुळे तिथली माती मे महिन्यातही ओली असते. पुढच्या अंगाला मुरुम, दगडांची रास आणि पलीकडे मोकळा प्लॉट. मागे दयाळची (इंग्रजीत मॅगपाय रॉबिन) जोडी असते, पुढे चीरकची (इंडियन रॉबिन). दोघांची ओळख पक्की आहे, तो प्रश्न नाही.

विचारायचंय ते असं. एक, ऑगस्टनंतर दयाळ एकदम गप्प होतो. तो जागा सोडतो की तिथेच असतो? दोन, फेब्रुवारीपासून नर खिडकीच्या काचेवर आणि मोटारसायकलच्या आरशावर तुटून पडतो. त्याचं काय करावं? तीन, घरट्यासाठी पेटी लावायची तर माप काय, आणि आपल्याकडच्या पंचेचाळीस अंशांत ती आतून तापणार नाही अशी कशी करायची? चार, वही ठेवायची तर रोज नेमकं काय लिहावं, म्हणजे वर्ष संपल्यावर त्यातून काही वाचता येईल?

इंटरनेटवर ‘रॉबिन’ म्हणून शोधलं की लाल छातीचा युरोपातला पक्षीच समोर येतो. त्याचं वेळापत्रक आपल्या परसाला लागू पडत नाही, म्हणून इथल्या माणसांना विचारतेय.

तापीकाठ (भुसावळ)

ताई, चौथा प्रश्न आधी घेतो. पहिल्याचं उत्तर त्याच्याच पोटात आहे.

वहीचं पहिलं पान नकाशाला द्या. प्लॉटचा कच्चा आराखडा काढा: भिंती, झाडं, दगडांची रास, नळ, पाण्याचं भांडं, विजेची तार, गच्चीवरची टाकी. त्याच्या झेरॉक्स काढून महिन्याला एक वापरा. नर जिथे बसून गातो तिथे टिंब, दोन नर जिथे एकमेकांच्या अंगावर गेले तिथे फुली. महिनाअखेर बाहेरच्या बाजूची टिंबं रेघेनं जोडली की त्या नराची हद्द कागदावर उतरते. मार्चचा कागद आणि नोव्हेंबरचा कागद शेजारीशेजारी ठेवले की पाखरू गेलं की नुसतं गप्प बसलंय, हे कोणाला विचारावं लागत नाही.

रोजची पंधरा मिनिटं पुरतात, पण वेळ ठरलेली हवी. दयाळसाठी उजाडायच्या अर्धा तास आधी बसावं, कारण तो झुंजूमुंजू व्हायच्या आधीच गायला लागतो आणि ऊन चढलं की गाणं विरळ होतं. दुसरी वेळ दिवेलागणीच्या आगेमागे. ही दोन्ही पाखरं उशिरापर्यंत हिंडतात. चीरक तर दिव्याखाली पडलेले किडे टिपायला अंधारून आल्यावरही ओट्याजवळ येतो. रकाने एवढेच ठेवा: तारीख, वेळ, आभाळ आणि वारा, नर की मादी की पिल्लू, कुठे बसलं, आवाज कोणता, चोचीत काय. पंधरा मिनिटांत काहीच दिसलं नाही तर तेही लिहायचं. न दिसल्याची नोंद नसेल तर दिसल्याच्या नोंदीला वजन येत नाही.

‘चोचीत काय’ हा रकाना सगळ्यात मोलाचा. सुकं गवत, बारीक मुळ्या, केस, काथ्याचे धागे असतील तर बांधकाम चालू आहे. मादी थोडा वेळच दिसते, घाईघाईनं चार किडे खाते आणि दर वेळी एकाच दिशेला नाहीशी होते, नर मात्र जवळच गात असतो: अंडी उबवणं चालू आहे. दोघांच्याही चोचीत अळ्या आहेत पण ते गिळत नाहीत, एकाच फांदीवर बसून शेपूट वरखाली करताहेत: पिल्लं आहेत, आणि तुम्ही घरट्याच्या फार जवळ उभ्या आहात. आठ-दहा मीटर मागे सरा. मग एक वेळ अशी येते की भोकातून बाहेर पडताना आईबापाच्या चोचीत पांढरी, ओलसर गोळी दिसते. ती पिल्लाची विष्ठा, पातळ पडद्यात बांधून आलेली. ते ती उचलून लांब टाकतात, म्हणजे घरटं कोरडं राहतं आणि वासावर कोणी येत नाही. ही गोळी दिसली की घरट्यात न डोकावता कळतं, आत पिल्लं जिवंत आहेत आणि त्यांच्या पोटात अन्न जातंय.

आता वर्षाचा क्रम. जानेवारी सरता सरता दयाळचा नर उंच जागा धरायला लागतो: तार, टाकी, शेवग्याचा शेंडा. सुरुवातीला तुटक शीळ, मार्चपर्यंत लांबलचक गाणं, त्यात दुसऱ्या पाखरांच्या आवाजांच्या नकलाही मिसळलेल्या. मार्च ते जून हा भर. या दिवसांत नर पिसं फुगवतो, चोच आभाळाकडे करतो, शेपूट पंख्यासारखी पसरून मिरवतो. मादीपुढे हेच आणि दुसऱ्या नरापुढेही हेच, म्हणून समोर कोण होतं ते लिहिल्याशिवाय नोंद पुरी होत नाही. अंडी बहुतेक चार-पाच, फिकट निळसर-हिरवी, तपकिरी ठिपक्यांची. उबवायचं काम मादीचं, साधारण बारा-तेरा दिवस. पिल्लं पुढे दोनेक आठवडे घरट्यात असतात. भरवायला दोघं.

जूनच्या पावसाबरोबर मेहंदीखाली तपकिरी खवलेदार नक्षीच्या छातीची, आखूड शेपटीची पिल्लं दिसतील. ती वेगळ्या जातीची म्हणून लिहू नका. विणीचा हंगाम सरला की मोठ्यांची पिसं झडून नवी येतात. नव्या पिसांना अंगातली बरीच ताकद लागते, उडणंही जड जातं. अशा वेळी उंच बसून गाणं म्हणजे शिक्र्याला, पाखरं मारणाऱ्या शिकारी पक्ष्याला, बोलावणं. म्हणून दयाळ खाली, दाट सावलीत राहतो. तो कुठे जात नाही. दोन्ही पाखरं आपल्याकडे बारमाही आहेत. फक्त आता त्याला ओळखायचं ते गाण्यावरून नाही, तर खरखरीत ‘चर्रर्र’वरून आणि मधूनच येणाऱ्या एकसुरी, लांब शिळेवरून. ही चरचर हिवाळ्यात सांजेला जास्त ऐकू येते, रात्रीच्या बसायच्या जागेवरून कुरबुर चाललेली असते तेव्हा.

युरोपातल्या रॉबिनचं इथेच वेगळं पडतं. तिकडे थंडीत नर आणि मादी आपापली वेगळी हद्द राखतात आणि दोघंही गातात. ते वाचून डिसेंबरात दयाळच्या गाण्याची वाट पाहिली तर वही कोरी राहते.

पांझराकाठ (धुळे)

तापीकाठ यांनी दयाळचं सगळं सांगितलं, चीरक मात्र राहून गेला. खान्देशाच्या कोरड्या अंगाचं खरं पाखरू तेच आहे.

ताई, तुमच्या घराच्या पुढे-मागे जी वाटणी झालीय ती आपोआप झालेली नाही. दयाळला सावली, पालापाचोळा आणि ओल लागते. चीरकला उघडी, तुरळक गवताची, दगडगोट्यांची जमीन लागते, जिथे तो पळत जाऊन, थांबून, शेपूट ताठ उभी करून पुन्हा पळू शकेल. पुढच्या मुरुमावर लॉन लावलं किंवा फरशी टाकली तर चीरक जाईल आणि त्याच्या जागी दयाळही येणार नाही. रास आहे तशी ठेवा. वाळवी, मुंग्या, कोळी, नाकतोडे हे त्याचं रोजचं खाणं. पिल्लं असली की पाली-सरड्यांची पिल्लंसुद्धा पकडून नेतो, तेव्हा चोचीत शेपटी लोंबताना दिसली तर चकित होऊ नका.

चीरकच्या नोंदीत दोन गोष्टी जास्तीच्या लिहा. एक, नराच्या पाठीचा रंग. उत्तर भारतातल्या नराची पाठ तपकिरी असते, दक्षिणेतल्या नराची काळी. आपण मधल्या पट्ट्यात आहोत, त्यामुळे सकाळच्या कोवळ्या उन्हात, पाठ आपल्याकडे असताना नीट पाहून छटा लिहावी. दुपारच्या उन्हात सगळेच काळे दिसतात. दोन, खांद्यावरचा पांढरा डाग. पंख मिटून निवांत बसला असेल तर तो जेमतेम दिसतो. दुसऱ्या नरावर जाताना किंवा मादीभोवती अंग खाली दाबून, शेपूट पाठीवर टाकून उड्या मारताना डाग ठसठशीत दिसतो आणि शेपटीखालचा विटकरी भागही उघडा पडतो. डाग किती दिसला यावरून त्याचा पवित्रा कळतो. मादीला हा डाग नसतोच.

ऑक्टोबर ते मार्च चीरकच्या मादीच्या नोंदीत गफलत होते ती थिरथिऱ्यामुळे. थिरथिरा हिवाळी पाहुणा, मादी तशीच मळकट तपकिरी आणि त्याच दगडांवर बसणारी. शेपूट बघा. थिरथिऱ्याची सारखी थरथरते आणि तिच्या कडा व बूड तांबूस असतं. चीरकची उभी राहते, वरून गडद, विटकरी रंग फक्त खालून.

घरटं भिंतीच्या भोकात, दगडांच्या सांदीत, बांधाच्या कपारीत, कधी बंद पडलेल्या मीटरच्या पेटीत. आतून केस, पिसं, कधी सापाच्या कातीचे तुकडेही लावलेले असतात. अंडी तीन-चार, उबवण दहा ते बारा दिवस. जुन्या धाब्याच्या घरांच्या मातीच्या भिंतींत अशा सांदी भरपूर असायच्या. सिमेंटच्या गुळगुळीत गिलाव्यात एकही नसते. म्हणून कुंपणाची भिंत बांधत असाल तर गिलावा करताना मीटर-दीड मीटर उंचीवर अर्ध्या विटेचा एखादा कोनाडा रिकामा सोडायला गवंड्याला सांगा, पश्चिमेचं ऊन लागणार नाही अशा बाजूला.

अनेर_काठी (चोपडा)

काचेचं थोडक्यात. नराला काचेत दुसरा नर दिसतो. तो हरतही नाही, पळतही नाही, म्हणून भांडण संपत नाही. तासन्‌तास शक्ती जाते आणि तेवढा वेळ मादी व घरटं उघड्यावर राहतं.

आतून पडदा ओढून उपयोग होत नाही. गडद पडदा लावला की काच उलट जास्त आरशासारखी होते. प्रतिबिंब बाहेरून मोडायचं: बाहेरच्या बाजूला ओल्या चुन्याचा किंवा साबणाचा हात फिरवा, नाहीतर जुनं वर्तमानपत्र चिकटवा. तो शेजारच्या काचेवर जाईल, मग ती झाका. दोन-तीन काचांनंतर बहुतेक सुटतं. गाडीच्या आरशांवर उभी असताना कापडी पिशवी चढवून नाडी बांधावी. विणीचा जोर ओसरला की हे आपसूक थांबतं, तेव्हा काच कायमची रंगवायची गरज नाही. त्याला हुसकून मात्र लावू नका, ती त्याची जागा आहे, तो परतच येणार.

आणि एक कळकळीची विनंती. मोबाइलवर दयाळचं गाणं वाजवून नराला जवळ बोलवू नका. ते काचेसारखंच आहे, न हरणारा शत्रू. फोटोसाठी तर अजिबात नको.

मेहंदीचं_कुंपण (जळगाव)

फार उपयोगाचं सांगितलंत सगळ्यांनी. आरशांना आजच पिशव्या बांधल्या.

आणखी दोन गोष्टी. शेजारचे काका पाखरांसाठी रोज बाजरी आणि उरलेली शेव टाकतात. चिमण्या, होले येतात, पण हे दोघं त्याला तोंड लावत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळं काही टाकावं का? आणि मोकळ्या प्लॉटपलीकडे कपाशी आहे, तिथे जुलैपासून फवारण्या सुरू होतात. त्यावर आपल्या हातात काय आहे?

पऱ्हाटी (शहादा)

ताई, बाजरी होल्या-चिमण्यांना ठीक आहे, शेव कोणालाच नको. मीठ, तिखट आणि तेल पाखराच्या पोटात जायला नको. दयाळ-चीरक किडेखाऊ आहेत. त्यांच्यासाठी टाकायचं काही नाही, जमीन राखायची आहे.

मागच्या अंगाला लिंबाखाली आणि शेवग्याखाली पाला झाडून पेटवू नका. चार बोटं जाडीचा थर राहू द्या, आठवड्यातून एकदा वर पाणी शिंपडा. केळीचा घड उतरवल्यावर खुंट तोडून बाहेर फेकतात तो तिथेच आडवा टाका. कुजत चाललेल्या खुंटाखाली गांडुळं, वाण्या, अळ्या होतात, आणि दयाळ दिवसातून अनेकदा तिथे येतो. पुढच्या अंगाला, भिंतीपासून हातभर सोडून, पऱ्हाट्यांची, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांची, एक मोळी उभी-आडवी रचून ठेवा. शिक्रा झडपला की चीरक त्यात शिरतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा फुलला की दयाळ फुलातला रसही पितो, तेव्हा कुंपणाला एखादा पांगारा लावायला हरकत नाही. फांदी रोवली तरी लागते.

पाण्याचं नीट करा, कारण आपल्याकडे एप्रिल ते जूनचा पाऊस पडेपर्यंत तेच निर्णायक आहे. मातीचं परळ घ्या, तोंड ३५ ते ४० सेंटिमीटर, खोली ५ च्या आत. प्लॅस्टिक आणि स्टील नको, पाणी हात लावू नये इतकं तापतं आणि पाय घसरतात. मध्ये एक खडबडीत चपटा दगड ठेवा, म्हणजे दगडावर पाणी सेंटिमीटरभरच राहील. आंघोळीला तेवढंच लागतं. जागा दिवसभर सावलीची, पण दाट झुडपापासून दोन-तीन मीटर लांब. झुडपाला चिकटून ठेवलं तर मांजर त्यातूनच उडी घेते. वर एखादी बारीक फांदी मात्र हवी, ओल्या पंखांनी लगेच चढून बसायला. सकाळी सातला आणि दुपारी तीनच्या सुमारास पाणी बदला. रोज रिकामं करून काथ्यानं घासा, साबण नको. रोज रिकामं झालं की डासांच्या अळ्याही होत नाहीत.

घरी ठिबक असेलच. ताशी ४ लिटरचा एक ड्रिपर परळाच्या वर लोंबता सोडा. सकाळी दोन तास चालला तर आठ लिटर, वरून सांडलेलं पाणी केळीला. थेंब पडण्याच्या आवाजावर पाखरं फार लवकर येतात.

फवारणीचं. कपाशी दुसऱ्याची आहे, पण शेतकऱ्याशी बोलता येतं: शेवटच्या दोन ओळी, म्हणजे तुमच्या बाजूच्या, वारा तुमच्याकडे वाहत असताना फवारू नका एवढंच मागा. बहुतेक जण ऐकतात. तुमच्या परसात मात्र रासायनिक काहीच नको. मावा, पिठ्या ढेकूण दिसला तर पाच टक्के निंबोळी अर्क: ५० ग्रॅम निंबोळी पूड रात्रभर थोड्या पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यानं गाळून एक लिटर करा, चिमूटभर कपड्याचा साबण घाला आणि संध्याकाळी फवारा. अर्क त्याच दिवशी संपवायचा. विषानं किडे मेले की आधी पिल्लं उपाशी राहतात, आणि अर्धमेले किडे सोपे सापडतात म्हणून आईबाप तेच नेऊन भरवतात. दुसरा धोका जास्त मोठा.

उंदरांसाठी चिकट पुठ्ठा लावत असाल तर तो घराबाहेर कधीही उघडा ठेवू नका. चिकटलेला किडा टिपायला दयाळ उतरतो आणि तिथेच अडकतो.

रंधा (अमळनेर)

पेटीचं माझ्याकडून. दयाळसाठी.

जुन्या लाकडाची १८ ते २० मिलिमीटर जाडीची फळी घ्या. पत्र्याची पेटी आपल्या उन्हात पिल्लं मारते. पातळ प्लाय एका पावसाळ्यात सुटतं. आतला तळ १५ बाय १५ सेंटिमीटर, पुढची बाजू २५ उंच, मागची ३०, म्हणजे छपराला उतार मिळतो. छप्पर पुढे सहा-सात सेंटिमीटर बाहेर काढा. भोक ६ सेंटिमीटर व्यासाचं, खालची कड तळापासून १५ वर. तळाला चार कोपऱ्यांत ६ मिलिमीटरची चार भोकं पाणी निघायला, आणि दोन्ही बाजूंना छपराच्या लगेच खाली दोन-दोन भोकं हवेसाठी. वरची भोकं विसरली की पेटी तापते, ही नेहमीची चूक. आतून रंग, वॉर्निश काही नको, रंधाही मारू नका. खरखरीत लाकडावर पिल्लांची नखं धरतात. पुढच्या फळीच्या आतून तर छिन्नीनं आडव्या खाचा मारा. भोकाखाली बसायला दांडी लावायची पद्धत आहे, ती टाळा. दयाळला ती लागत नाही, कावळ्याला आणि मांजराला लागते.

तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला. पश्चिमेला कधीच नाही, उन्हाळ्यात दुपारी ऊन आणि जूननंतर पावसाची झड तिकडूनच. झाडापेक्षा वळचणीखालची भिंत बरी, तिथे धामण आणि मांजर सहज चढत नाही. उंची दोन ते अडीच मीटर. साळुंकी पेटी बळकावते ही खरी अडचण आहे. ती बहुतेक उंच आणि मोकळी जागा पाहते, म्हणून पेटी खाली आणि सावलीत ठेवायची. डिसेंबरअखेरपर्यंत लावून मोकळं व्हा. मार्चमध्ये लावलेली पेटी त्या वर्षी बहुधा रिकामीच राहते, कारण तोवर जागा ठरलेली असते. ऑक्टोबरात आतलं जुनं घरटं काढून उकळतं पाणी ओता आणि दोन दिवस उन्हात ठेवा, पिसवा-गोचिडं राहत नाहीत.

अजून एक. कुंपणाचे किंवा मांडवाचे उभे पोकळ पाइप वरून उघडे असतील तर झाकणं बसवा. पाखरू जागा शोधायला आत उतरतं आणि गुळगुळीत नळीतून त्याला वर येता येत नाही.

पांझराकाठ (धुळे)

रंधाभाऊंची पेटी दयाळला उत्तम, पण चीरकसाठी ती करू नका. त्याला उंच भोक आवडत नाही. लहान मडकं घ्या, तोंड आठ-दहा सेंटिमीटरचं. दगडांच्या राशीत गुडघ्या-कमरेएवढ्या उंचीवर आडवं, तोंड किंचित खाली कलतं बसवून वर दगड रचा. बुडाला बारीक भोक पाडा. भोवती बोरी-बाभळीच्या चार काटेरी फांद्या, पण समोरून यायला फूटभर वाट मोकळी. मडकं दगडांनी झाकलेलं असलं की दुपारीही आत गार राहतं.

मेहंदीचं_कुंपण (जळगाव)

मडकं बसवायच्या आधीच चीरकनं स्वतःची सोय केली आहे. गॅलरीच्या भिंतीवर खुंटीला ठिबकच्या नळ्यांची गुंडाळी टांगलेली आहे, तिच्या खोबणीत मादी सुकं गवत नेताना आजपासून दिसतेय. नळ्या जूनच्या सुरुवातीला शेतावर न्यायच्या आहेत. गुंडाळी हळूच काढून शेजारच्या खुंटीवर लावली तर चालेल का? आणि पिल्लू खाली पडलं तर हात लावावा की नाही? हात लावलेलं पिल्लू आई टाकते म्हणतात.

तापीकाठ (भुसावळ)

हलवू नका ताई, हातभरसुद्धा नाही. मादी जागा ओळखते, गुंडाळी नाही. शेजारच्या खुंटीवर नेली तरी ती रिकाम्या खुंटीपाशीच घिरट्या घालते. शिवाय चालू घरट्याला धक्का लावणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे शिकारीच्या व्याख्येत बसतं, हेही ध्यानात असू द्या.

तारखेचा हिशेब करा. बांधायला चार-पाच दिवस, मग रोज एक याप्रमाणे तीन-चार अंडी, बारा दिवस उबवण, दोन आठवडे पिल्लं. म्हणजे पहिल्या काडीपासून पाचेक आठवडे. आज एप्रिलचा तिसरा आठवडा, मेअखेर गुंडाळी मोकळी व्हायला हवी. तोवर त्या खुंटीखालून जाणं-येणं बंद करायची गरज नाही. रोजची वर्दळ त्यांना चालते, थांबून वर बघणारा माणूस चालत नाही. खुंटीखाली स्टूल, शिडी, सायकल, मांजराला चढायला कामी येईल असं काहीही ठेवू नका. गॅलरीतला दिवा रात्री लवकर मालवा.

हात लावल्यानं आई पिल्लू टाकते हे खरं नाही. पाखरं माणसाच्या वासावर पिल्लू सोडत नाहीत. पण पिल्लू कोणतं ते आधी पाहा. अंगावर पिसं नाहीत, डोळे मिटलेले: ते पडलेलं आहे, हलक्या हातानं परत घरट्यात ठेवा. अंगभर पिसं, आखूड शेपूट, टुणटुण उड्या मारतंय: ते पडलेलं नाही, बाहेर आलेलं आहे. त्याला घरात आणू नका, पिंजऱ्यात घालू नका, दूध-पाव तर मुळीच नको. मांजर जवळ असेल तर उचलून जवळच्या मेहंदीत, छातीच्या उंचीवर बसवा आणि लांब व्हा. आईबाप आवाजावर येऊन भरवतात. अशी पिल्लं पुढे दोन-तीन आठवडे त्यांच्याच जिवावर असतात, तेवढे दिवस मांजर घरात ठेवता आलं तर फार बरं.

पिल्लं उडाली तरी त्याच दिवशी नळ्या उतरवू नका. चीरक त्याच जागेत दुसऱ्यांदा अंडी घालू शकतो. आधी मादी आत-बाहेर करतेय का ते सलग तीन सकाळी लांबून बघा. करत नसेल तर आरसा वर धरून खोबण रिकामी असल्याची खात्री करा, मग गुंडाळी काढा. घरट्याच्या काड्या मापून वहीत लिहून ठेवा, आणि त्या खुंटीला पुढच्या फेब्रुवारीच्या आत एक मडकं टांगा.